एका राजाचे पाच राजे

एका राज्यात राजाला 'तू' म्हणायची सोय नव्हती. राजा आला, असं कुणी म्हणत नसे. राजे आले, राजे बसले, राजांना शिंक आली. माणूस एक, पण बोलायचं असं की जणू दहा जण चालत येताहेत. रीतच ती. तुमच्याकडे नाही का, एकटेच आजोबा येतात आणि आपण म्हणतो आजोबा आले? तसंच ते. हसू नका, आणि हुंकार देत राहा. हुंकार थांबला की गोष्ट वाट चुकते. मग मला बोल लावायचा नाही.

राजाचं नाव भद्रायू. राणी देवाघरी गेलेली, मागे एकुलती एक मुलगी, मेखला. राजा तापट होता, खदाखदा हसणारा होता, ताटावर बसला की उठायचं नाव न घेणारा होता, दुपारी घोरणारा होता, आणि एकदा पाहिलेलं जन्मात न विसरणारा होता. असा भरलेला माणूस. मेखला सकाळी उठून आधी त्याची बोलणी खाई, मग न्याहारी खाई. ती म्हणे, "आबासाहेब ओरडले नाहीत तर मला उजाडल्यासारखंच वाटत नाही."

एके दिवशी समुद्रापलीकडून एडगार जादूगार आला. डोक्यावर उंच टोपी, लाल दाढी, हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात साळुंकी. साळुंकीला दोन्ही बोली येत, त्याची इंग्रजीही आणि आपलीही. जादूगार राजापुढे वाकला.

"महाराज, माझ्या बोलीत जोर आहे. वस्तूचं नाव घ्यावं, नावाला शेपटी लावावी, एकाचे अनेक होतात."

"शेपटी कसली?"

"सापाच्या फुत्काराची. स्स्."

राजानं ताटातला आंबा उचलला. "हा घे. कर अनेक."

"याला आम्ही मँगो म्हणतो. साऱ्या दरबारानं म्हणावं, मँगोज."

दरबारात शंभर तोंडं होती. शंभर तोंडांनी एका दमात म्हटलं, "मँगोज!" आणि राजाच्या हातून आंबे घरंगळले, पायऱ्यांवरून, गालिच्यावरून, पार दारापर्यंत. मोजले तर शंभर. जितकी तोंडं तितके नग, असा त्या मंत्राचा नेम होता.

मग काय विचारता! पॉटचे पॉट्स झाले, बुकची बुक्स झाली, एका शेल्याचे वीस शेले झाले. गल्लीबोळात जो तो हिसहिसत हिंडू लागला. साप कुठला आणि शेजारी कुठला, कळेना. राजा खूश, प्रजा खूश. मेखलानं मात्र त्या शंभरांतला एक आंबा चोखून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. आंब्याला गोडी नव्हती. म्हणजे होती, पण पुसट, पाणी घातल्यासारखी. एका आंब्याची गोडी शंभर जागी वाटली गेली होती. तिनं बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच!" आणि दुसरा आंबा घेतला.

आता बहिरोपंतांकडे वळू. बहिरोपंत म्हणजे प्रधान. माणूस भला, पण रीतीभातीला असा पक्का की स्वप्नात राजा दिसला तर झोपेत उठून मुजरा करी. त्यांच्या मनात आलं, नवी बोली आली, तर नव्या बोलीत महाराजांचा जयघोष व्हायला हवा. ते साळुंकीपाशी गेले.

"राजाला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"किंग," साळुंकी म्हणाली.

पंत चपापले. "नुसतं किंग? एकेरी? अगं, जीभ झडेल माझी!"

"आमच्याकडे असंच म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणत असतील. आमच्याकडे थोरामोठ्यांना एकेरी हाक मारत नाहीत."

पंतांनी सेनापती, खजिनदार, पुरोहित आणि न्यायाधीश यांना गोळा केलं आणि घोष पाठ करून घेतला. दुसऱ्या सकाळी राजा सिंहासनावर बसताच पाचही जण पुढे आले, हात जोडले, माना लववल्या आणि पाच तोंडांनी एका दमात म्हणाले,

"किंग्ज!"

एडगार जादूगार खांबाला टेकून उभा होता. त्यानं थांबवलं नाही. त्याला काय, आयतंच घबाड.

सिंहासनावर पाच राजे बसले होते. तोच चेहरा, त्याच मिशा, कानावर तोच तीळ. आणि आंब्याची गोडी वाटली गेली होती तसा राजाही वाटला गेला होता. एकाच्या वाट्याला सगळा राग आला, दुसऱ्याच्या वाट्याला हसू, तिसऱ्याला भूक, चौथ्याला झोप आणि पाचव्याला आठवण.

पुढचे हाल सांगू नयेत. रागीट राजानं सकाळीच सगळ्यांना फटक्यांची शिक्षा सुनावली, स्वयंपाक्यालाही आणि घोड्यालाही. हसरा राजा एका म्हातारीच्या प्रेतयात्रेला गेला आणि तिथं पोट धरून हसला. भुकेला राजा मुदपाकखान्यातून हलेना. खाई खाई खाई, पण चव लागेना. झोपाळू राजाला सिंहासनावरून उठवायला नगारे वाजवले, तो कूस वळून पुन्हा झोपला. आणि पाचवा, आठवणीचा राजा, खिडकीत बसून राहिला. त्याला सगळं आठवे, राणीनं पहिल्या दिवशी नेसलेल्या पातळाचा रंगसुद्धा. पण त्याला हसू येत नसे, भूक लागत नसे, झोप लागत नसे.

मेखला पाचही जणांपुढे गेली. चौघांनी तिला ओळखलं नाही. रागीट ओरडला, "कोण ही? बाहेर काढा!" हसरा तिच्याकडे बोट दाखवून हसला. भुकेल्यानं मान वर केली नाही. झोपाळू घोरत होता. खिडकीतल्या पाचव्यानं तेवढं म्हटलं, "ये मेखला." पण त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता. पोरीनं ओढणीत तोंड खुपसलं आणि भडभडून रडली. चार बापांना आपण परक्या झालो, याहून वाईट एका मुलीच्या बाबतीत काय व्हायचं?

राजवैद्यानं पाचांच्या नाड्या पाहिल्या. "राजकन्ये, झोपणारा खात नाही, खाणारा झोपत नाही, आठवणारा दोन्ही करत नाही. पाचव्या हिश्शावर माणूस किती जगणार? लवकर एक झाले नाहीत, तर पाचही जातील."

मेखलानं डोळे पुसले आणि तडक जादूगारापुढे जाऊन उभी राहिली.

"शेपटी काढ."

"लावायला श्वास पुरतो, राजकन्ये. काढायला तीन वस्तू लागतात."

"बोल."

"माझ्या बोलीत तीन नावं माझं ऐकत नाहीत. पहिलं शीप, म्हणजे तुमची मेंढी. त्याला शेपटी लागतच नाही. एक असो वा हजार, शीप ते शीपच. ती धुक्याच्या माळावर चरते. दुसरं गूज, लांब मानेचा पांढरा पक्षी. त्याच्या शेवटाला शेपटी चिकटत नाही. ते पोटात बदलतं, गूजचं गीज होतं. ते एका राक्षसानं गिळलंय. तिसरं सिझर्स, म्हणजे कात्री. ती शेपटी घेऊनच जन्मली. तिला एकटी कधी कुणी पाहिली नाही. ती निर्गुडीच्या वनात एका शिंप्याकडे आहे. तिन्ही आण, तुझा बाप तुला देतो."

"दिला शब्द?"

"दिला. ही साळुंकी साक्षीला ने."

साळुंकी पिंजऱ्यातून निघाली आणि मेखलाच्या खांद्यावर बसली. वेशीबाहेर पडल्यावर म्हणाली, "पोरी, शब्द देताना तो डावीकडे बघतो. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

"बघू दे," मेखला म्हणाली. "आधी मेंढी."

धुक्याच्या माळावर एकच मेंढी चरत होती. मेखला जवळ गेली तर हजार झाल्या. ती मागे सरली तर पुन्हा एक. तिनं झडप घातली, हाती एक लागली. तिला धरून पाहते तो चहूबाजूंनी हजार तोंडं 'बें' करून ओरडत होती, आणि हातातली कुठली तेच कळेना. असं करता करता दुपार झाली. राजकन्येचा घामटा निघाला.

माळाच्या कडेला एक धनगरीण घोंगडी विणत बसली होती. नाव ठकूबाई. ती बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय करतीस गं पोरी? फुगडी घालतीस का मेंढरासंगं?"

"मावशी, ही मेंढी मला न्यायची आहे. पण ती एक आहे का हजार, हेच ठरत नाही."

"आणि तुला ठरवायचंय कशाला? मोजलं की वाढत्यात, हे ठावं न्हाय व्हय? मेंढरू कधी धरून न्यायचं नसतं, बाई. फुडं व्हायचं असतं." ठकूबाईनं कमरेची पिशवी सोडून खडेमीठ दिलं. "ह्ये हातावर धर. पयली जी चाटाया येईल ती म्होरकी. तिच्या फुडं चालू लाग. मागं किती हाईत ते बघू नगंस. बगितलंस की मोजशील, आणि मोजलंस की गेलीस."

मेखलानं मीठ हातावर धरलं. एक ओलं, खरखरीत जिभेचं तोंड हाताला लागलं. ती वळली आणि चालू लागली. मागे कधी चार खुरांचा आवाज येई, कधी जणू सगळा माळच उठून येत असल्याचा. साळुंकी एकदा मान वळवू लागली, तर मेखलानं तिची चोच धरून पुढे केली. माळ संपला, धुकं विरलं, आणि तिच्या मागे एकच मेंढी उभी होती, मीठ मागत.

"झालं की," साळुंकी म्हणाली. "मी उगाच घाबरले."

दुसऱ्या कामाला शोधावं लागलं नाही. राक्षस कण्हत होता ते दोन डोंगरांपलीकडून ऐकू येत होतं. ढेरी नगाऱ्याएवढी, डोळे पांढरे, आणि पोटातून आवाज काय तर 'ह्वांक, ह्वांक!' मेखलाला पाहून त्यानं कसाबसा जबडा उघडला.

"कोण ती? खाऊ का तुला?"

"खा की. पण आत जागा आहे का?"

राक्षसानं विचार केला. मग रडवेला झाला. "नाही गं बाई. एकच पक्षी गिळला होता मी. एकच! आत गेला तो एकाचे अनेक झाले. गूज गेलं आणि गीज झाली. रात्रंदिवस भांडतात. चोची मारतात. तू तरी सांग, एका घासाची एवढी शिक्षा असते का?"

"चावून नाही ना खाल्लास?"

"नाही."

"मग भोग," मेखला म्हणाली, पण तिला दयाही आली. हिंग तिच्या झोळीत होता. घरातून निघताना आपण पोहे-चिवडा घेतो तशी तिनं हिंगाची डबी घेतली होती, शहाणीच पोर. ओवा रानात उगवला होता. ठकूबाईचं मीठ उरलं होतं. तिन्ही कुटून तिनं गोळा केला आणि वर घागरभर गरम पाणी पाजलं. राक्षस म्हणाला, "कडू आहे." ती म्हणाली, "गीळ. गिळायची सवय आहे ना?"

थोडा वेळ काही झालं नाही. मग पोटात गुरगुरलं. मग राक्षसाला अशी ढेकर आली की डोंगरावरची झाडं एका अंगाला वाकली, आणि त्या ढेकरीतून पांढरे पक्षी निघाले, भांडत, पंख फडफडवत, निघतच राहिले. आभाळात त्यांची रांग लागली. सगळ्यात शेवटी एक म्हातारं गूज पायीपायी बाहेर आलं. त्याला उडायचा कंटाळा होता. मेखलानं ते काखेत घेतलं.

राक्षसानं ढेरीवरून हात फिरवला. "बाई, किती हलकं वाटतंय! आता तुला खाऊ का?"

"खा. पण हिंग संपलाय."

राक्षसानं जबडा मिटला आणि तिला नदीपर्यंत पोचवायला आला.

तिसरी वस्तू होती कात्री. निर्गुडीच्या वनात एक घर होतं, दाराला दोन उंबरठे, घरात दोन चुली. शिंप्याचं नाव वामनशेट, बायकोचं नाव गोदूबाई. दोघांत अबोला होता. कशावरून झाला ते दोघंही विसरले होते, पण आधी कोण बोलणार यावर अडलं होतं. वाटणीत कात्रीचं एक पातं त्याच्याकडे गेलं होतं, एक तिच्याकडे. दोन्ही पाती दोन खुंट्यांना टांगलेली, आणि दोन्ही थरथरत एकमेकांकडे ओढ घेत होती. खुंट्या वाकल्या होत्या, पण माणसं वाकली नव्हती.

मेखला आत आली तशी गोदूबाई म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, पाहुणी आलीय, पाट द्या."

वामनशेट म्हणाले, "तिला सांगा, पाट तिच्याच खोलीत आहे."

"त्यांना सांगा, डोळे असते तर दिसला असता."

एक घटकाभर मेखलानं निरोप पोचवले. मग तिचं डोकं उठलं. कात्री मागितली तर दोघंही म्हणाले, "माझं पातं ने, पलीकडचं मी सांगणार नाही." ती एकेक पातं उचलू गेली तर उचलेना. दुसऱ्यावाचून जायचंच नाही, असा त्यांचा हट्ट.

मेखलानं अंगावरचा शेला काढला. जांभळा, जरीचा, आईचा. पाटावर अंथरला. वामनशेटांच्या खुंटीखालची जुनी सुरी घेतली आणि शेल्यावर आडवीतिडवी चालवायला सुरुवात केली.

दोघांची बोटं वळवळू लागली. वामनशेटांनी डोळे मिटून घेतले. गोदूबाईनं पदर दातात धरला. सुरी जरीत अडली, मेखलानं हिसडा दिला, कापड टरकलं.

"अहो, तिरपं जातंय!" गोदूबाई किंचाळली.

"मला काय सांगतेस! खालचं टोक धर आधी!" वामनशेट ओरडले. "आणि आडवा धागा बघ, आडवा!"

"बघतेच आहे! मी नाही बघणार तर कोण बघणार या घरात?"

बोलून गेल्यावर दोघांच्या लक्षात आलं, अबोला मोडला. वामनशेटांनी घसा खाकरला. तोवर खुंट्यांवरची पाती उडाली होती, हवेत एकमेकांना खटकन जुळली होती आणि कात्री पाटावर येऊन पडली होती. दोघांनी मिळून शेला सरळ कापला, काठ शिवला, मेखलाच्या अंगावर घातला आणि कात्री तिच्या कमरेला खोचून दिली. निघताना आतून पुन्हा भांडण ऐकू येत होतं. पण आता ते एकमेकांशी होतं, आणि मध्ये मध्ये गोदूबाई हसत होती.

मेखला राजधानीत परतली. काखेत गूज, कमरेला कात्री, मागे मेंढी, खांद्यावर साळुंकी. लोक दुतर्फा उभे होते. दरबार भरला होता. पाचही राजे ओळीनं बसवले होते आणि पाचही जण पाहवत नव्हते. रागीट राजाचा आवाज बसला होता. हसऱ्याला हसताना धाप लागत होती. भुकेल्याच्या हातात घास होता, पण तो तोंडापर्यंत जात नव्हता. झोपाळूचा श्वास मंद झाला होता. आणि पाचवा भिंतीला टेकून मेखलाची वाट पाहत होता.

एडगार जादूगारानं तिन्ही वस्तू घेतल्या. त्याचे डोळे लकाकले. "आता माझं न ऐकणारं एकही नाव उरलं नाही. आता शंभर तोंडांचीही गरज नाही. माझं एकच पुरे."

"माझा बाप दे," मेखला म्हणाली.

"देतो. पाचांतल्या एकाचा हात धर. तो तुझा. बाकीचे चार हवेत विरतील."

दरबारात कालवा झाला. सेनापती म्हणाले, रागीट महाराज ठेवा, शत्रू थरथरेल. खजिनदार म्हणाले, हसरे ठेवा, कर वाढवले तरी हसतील. बहिरोपंतांनी मान खाली घातली होती. आपल्या जिभेनं काय केलं ते त्यांना कळलं होतं.

पाचवा राजा हळूच बोलला. "मेखला, मला धरशील, कारण मी तुला ओळखतो. पण माझ्यात कालपर्यंतचं सगळं आहे, उद्याचं काही नाही. त्या हसऱ्याला धर. घरात हसू असावं."

मेखलानं पाचांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज कापला नाही. "मला निवडायचं नाही. हे ओरडतात तेही माझे आबासाहेब, आणि हे घोरतात तेही माझे. माझ्या बापातला मी एक नखही टाकणार नाही."

जादूगार हसला. "एवढंच ना? मग सोपं आहे. बाप पाच आहेत, मुलगीही पाच करू. ज्याची त्याला. कुणाची तक्रार नको. लेकीला आमच्याकडे डॉटर म्हणतात." त्यानं छाती भरून घेतली. "डॉटर..."

शेपटी लागायला फक्त जीभ दातांना टेकायची होती.

आता नीट ऐका. या मुलीला चौघांनी ओळखलं नव्हतं. ओळख एकट्या पाचव्याकडे होती. पण एका माणसाचे पाच झाले की आत काय होतं, हे जगात त्या पाचांनाच ठाऊक होतं. न लागणारी चव, न येणारी झोप, न थांबणारं हसू. हे त्या पोरीच्या अंगाशी येणार, एवढंच त्यांना दिसलं. रागीट राजानं आरोळी ठोकली नाही. तो सरळ उठला. हसरा हसायचा थांबला. भुकेल्यानं हातातला घास फेकला. नगाऱ्यानं न उठलेल्या झोपाळूनं डोळे उघडले. आणि भिंतीचा आधार सोडून पाचवाही धावला. पाच हात जादूगाराच्या तोंडावर गच्च बसले.

लोक पाहतात तो हात एकच होता.

कारण राग वाटला गेला होता, हसू वाटलं गेलं होतं, भूक, झोप, आठवण, सगळ्यांची वाटणी झाली होती. पण लेकीवरची माया कुणाच्या वाट्याला गेली, हे कुणी पाहिलंच नव्हतं. ती वाटली गेलीच नव्हती. पाचांतल्या प्रत्येकाकडे ती सगळीच्या सगळी होती. तिच्यासाठी पाच जण धावले तेव्हा धावणारा एकच होता.

तोंडात कोंडलेला तो फुत्कार जादूगाराला बाहेर टाकता येईना. तो त्यानं गिळला, आणि तो त्याच्याच नावाला जाऊन चिकटला. एडगारचे एडगार्स झाले, मुंगळ्याएवढे, उंच टोप्या घातलेले, आणि एकमेकांना ढकलत मोरीतून पळाले. अजून कुठे अंगणात मुंगळ्यांची रांग दिसली तर नीट बघा, एखाद्याच्या डोक्यावर टोपी असेल. राज्यातले शंभर आंबे एक झाले, वीस शेले एक झाले. लोक जरा हळहळले, पण त्या आंब्याची फोड ज्यांना मिळाली त्यांनी बोटं चाटली. साळुंकीनं पिंजऱ्याचं दार चोचीनं मोडलं. मेंढी माळावर गेली, कात्री शिंप्याकडे गेली, गूज राजवाड्याच्या तळ्यातच राहिलं, कारण त्याला उडायचा कंटाळा.

आणि राजा भद्रायू लेकीपुढे उभा राहिला. पुरा, सबंध. त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती.

"कुणाला विचारून गेलीस?" तो असा गरजला की खांबावरची धूळ पडली. "एकटी! राक्षसाकडे! आणि अंगावरचा शेला कापलेला का? तुझ्या आईनं तो पहिल्या दिवाळीला नेसलेल्या पातळावर घेतला होता, ठाऊक आहे? राक्षसानं खाल्लं असतं म्हणजे?"

"त्याला जागा नव्हती, आबासाहेब."

राजा ओरडता ओरडता हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. तिला पोटाशी धरून तो म्हणाला की पोटात कावळे कोकलताहेत, आणि जेवून झाल्यावर आपण चांगले दोन प्रहर झोपणार आहोत, कुणी उठवायचं नाही, आणि उठल्यावर उरलेलं ओरडणार आहोत.

मेखला म्हणाली, "हो."

त्या राज्यात त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात गोड होतं. तुमच्याही ताटात तसंच असो. आता हुंकार पुरे, पानं मांडा.